नणंद-भावजय, असं मी वहीत लिहिलं होतं

मध्यस्थीच्या खोलीत जे बोललं जातं ते बाहेर न्यायचं नसतं. त्यामुळे खाली जे घर येईल त्याच्या खोल्या, आकडे आणि माणसांच्या ओळखीच्या खुणा मी इकडच्या तिकडे केल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना विचारूनच लिहिते आहे. माझ्या चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्यात.

मी सोलापूरला सतरा वर्षं दिवाणी वकिली करते. न्यायाधीश दावा मध्यस्थीकडे पाठवू शकतात ही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ ची सोय २००२ पासून आहे. पण आम्हा वकिलांच्या बोलण्यात ‘मीडिएशनला पाठवलं’ म्हणजे ‘एक तारीख गेली’ इतकाच अर्थ असायचा. मीही तेच म्हणायचे. २०२४ च्या दिवाळीनंतर मध्यस्थ प्रशिक्षणासाठी अर्ज मागवल्याची नोटीस बाररूममध्ये लागली, तेव्हा मी अर्ज भरला तो काही उदात्त हेतूने नव्हे. माझाच एक वाटणीचा दावा चौदा वर्षं चालून अपिलात गेला होता, आणि वादी-प्रतिवादी दोघंही वारले होते. त्या फायलीचा कंटाळा आला होता, एवढंच.

निवड कळायला अडीच महिने लागले. प्रशिक्षण १० ते १४ फेब्रुवारी २०२५, पुण्यात. पाच दिवस, रोज आठ तास, एकूण चाळीस. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मध्यस्थीसाठी समिती नेमली, तिच्या अभ्यासक्रमाचे हे चाळीस तास. फी नव्हती. पण रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाणं, पाच रात्रींचं लॉज, जेवणखाण मिळून साडेनऊ हजार गेले, आणि आठवडाभराच्या तारखा ज्युनिअरच्या गळ्यात पडल्या. जाणार असाल तर त्या आठवड्यात पुराव्याची तारीख ठेवू नका. संध्याकाळी डोकं इतकं शिणतं की पक्षकाराचा फोन उचलवत नाही.

पहिले दोन दिवस पारिभाषिक शब्दांत गेले. तडजोड झाली नाही तर चांगल्यात चांगलं काय होईल ते ‘बॅटना’, वाइटात वाईट काय होईल ते ‘वॅटना’. नगरकडचे एक ज्येष्ठ वकील दर चहाच्या वेळी ‘वाटाणा उसळ आहे का हो’ विचारायचे आणि आम्ही दर वेळी हसायचो. पण खरी गंमत तिसऱ्या दिवशी झाली. प्रशिक्षकांनी फळ्यावर पाच आडनावं लिहिली. फायलीवर हे आडनाव पाहिल्यावर मनात पहिलं काय येतं ते चिठ्ठीवर लिहा, खाली नाव घालू नका, म्हणाले. मग त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचल्या. ‘पैशाला घट्ट.’ ‘ॲट्रॉसिटी लावायची धमकी देतील.’ ‘बाईला बोलू देणार नाहीत.’ ‘गोड बोलतील, सही करायच्या वेळी गायब.’ खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आपल्याकडे आडनाव म्हणजे जात, भाषा, धर्म, कधीकधी गावसुद्धा. फाईल उघडायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो. त्यातली एक चिठ्ठी माझी होती. कोणती, ते सांगत नाही.

त्याच रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक पीडीएफ टाकली: कोणत्या समाजाच्या पक्षकाराशी कसं बोलावं, कोणाला मान हलवायची कशी सवय असते, कोणाकडे निर्णय कोण घेतं. दिवसभर चिठ्ठ्यांनी ओशाळलेल्या आम्ही सगळ्यांनी त्यावर अंगठे वर केले. मी तर ती छापून घेतली. त्यात काही विसंगत आहे हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

प्रमाणपत्र मे महिन्यात आलं, जूनमध्ये यादीत नाव लागलं. एका वरिष्ठांनी अभिनंदन करताना ‘बाई आहात, तुम्हाला नवरा-बायकोची प्रकरणं बरी पडतील’ असंही सांगून टाकलं. मी सतरा वर्षांत घटस्फोटाचे जेमतेम सहा अर्ज चालवलेत. असो.

१ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या तीन महिन्यांत देशभर ‘राष्ट्रासाठी मध्यस्थी’ ही मोहीम चालली. जुनी प्रकरणं काढून भराभर मध्यस्थांकडे जात होती. त्यात मला पहिलं प्रकरण मिळालं. २०२२ चा दावा, वडिलोपार्जित घर आणि मागाची शेड, बहीण विरुद्ध भाऊ. पत्ता पूर्व भागातला, आडनाव तेलुगू.

सोलापूर न पाहिलेल्यांसाठी: आमच्या पूर्व भागात पद्मशाली समाजाची मोठी वस्ती आहे. तेलंगणातून पिढ्यानपिढ्यांपूर्वी आलेले विणकर. सोलापुरी चादर आणि टॉवेल म्हणजे त्यांचे हात. पुरुष मागावर, बाया विड्यांवर असं कितीतरी घरांचं गणित. मी याच शहरात वाढले. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी घरी तेलुगू बोलायची. त्यामुळे ‘ही माणसं आपल्याला माहीत आहेत’ असं मला अगदी मनापासून वाटत होतं. घात तिथेच झाला.

पहिली बैठक १८ जुलै, शुक्रवार, दुपारी तीन. बहीण साठीच्या, भाऊ पन्नाशीचे. भावाशेजारी चाळिशीची एक बाई, त्यांची बायको. दोघांचे वकील. गोल टेबल. मी ओळखीचं निवेदन केलं, ते जवळजवळ पाठच होतं: मी निकाल देणार नाही, इथलं बोलणं न्यायाधीशांना कळणार नाही, मिटलं की नाही एवढंच मी कळवणार, तुम्हाला वाटेल तेव्हा उठून जाता येईल, तुम्हाला यासाठी पैसे पडणार नाहीत, आणि मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची सोय आहे. (पक्षकार म्हणून जाणार असाल तर शेवटचा मुद्दा आपल्या वकिलाकडून आधीच समजून घ्या. वाटणीच्या तडजोडीत मुद्रांक शुल्काचं काय होतं तेही विचारा, नाहीतर आनंदाने सही करून बाहेर पडल्यावर धक्का बसतो.)

हजेरीच्या कागदावर सह्या घेताना बहिणीपुढे कागद सरकवला आणि सोबत शाईचं पॅडही सरकवलं. विडी कामगार बाई, साठी उलटलेली. हात आपोआप गेला. त्यांनी पॅड बाजूला केलं, माझं पेन घेतलं आणि गोल वळणाच्या तेलुगू अक्षरांत लांबलचक सही केली. मग विचारलं, ‘मराठीत पण करू?’ आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बोलणं सुरू झालं. भावाची बायको गप्प, मान खाली. बहिणीची नजर मधूनमधून तिच्याकडे जायची, ती मात्र वर बघत नव्हती. मी वहीत लिहिलं: नणंद-भावजय, ताण. खाली दोन रेघा. सतरा वर्षं कोर्टात वावरल्यावर हे चित्र ओळखायला काही लागत नाही असं वाटतं. भावाचं लग्न झालं, बहिणीचं माहेर परकं झालं, घरात आलेल्या बाईने कान भरले. निम्म्या वाटणीच्या दाव्यांमागे आम्ही हीच गोष्ट धरून चालतो.

मध्येच भावाने बहिणीला तेलुगूत काहीतरी विचारलं. त्यांनी तेलुगूत उत्तर दिलं. दोन-तीन वाक्यं झाली असतील. मी म्हटलं, ‘मराठीत बोला, म्हणजे सगळ्यांना कळेल.’ माझ्या लेखी ही साधी सूचना होती. पण तो जुलै २०२५ होता. भाषेवरून राज्यभर वातावरण तापलेलं, रोज कुठला ना कुठला व्हिडिओ. भाऊ एकदम थांबले, ‘हो मॅडम’ म्हणाले आणि त्यानंतर तासभर ‘वकीलसाहेब सांगतील’ याशिवाय काही बोलले नाहीत. ती दोघं वकिलांशिवाय एकमेकांशी बोलत होती, आणि मी ते बंद पाडलं. हे मला घरी भाजी निवडताना उमगलं.

दुसरी बैठक २ ऑगस्टला, शनिवारी. या वेळी वेगवेगळं बोलायचं ठरवलं. आधी भावाच्या बायकोला एकटीला आत बोलावलं. आधार वाटावा म्हणून पाणी दिलं, आवाज मऊ केला आणि विचारलं, ‘तुमचं आणि नणंदबाईंचं पहिल्यापासूनच पटत नाही का?’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आई आहे माझी.’

मला खरंच कळलं नाही. मी ‘म्हणजे आईसारखी?’ असंही विचारलं, हे लिहिताना आता कान तापतात. तिने शांतपणे समजावलं. थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या मामाला देण्याची रीत त्यांच्यातल्या काही घरांत आहे. तिचं लग्न आजोबांनी तसंच ठरवलं होतं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, पण मामा म्हणजे भाचीला बोहल्यावर आणणारा माणूस. तो स्वतःच नवरा असू शकतो हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. म्हणजे वादी बहीण ही प्रतिवादीची सासू होती. आणि जिला मी कान भरणारी भावजय समजले होते ती गेली तीन वर्षं आई आणि नवरा यांच्या मधल्या दाव्यात राहत होती. मान खाली का, ते आत्ता कळलं. ती जाताना म्हणाली, ‘मी कुठल्या बाजूला बसू ते एकदा सांगा मॅडम. त्या दिवशी खुर्ची त्यांच्या शेजारी होती म्हणून तिथे बसले.’

खुर्च्या मी मांडल्या होत्या.

नंतर बहीण आत आल्या. मी अजून सावरले नव्हते, म्हणून हाताशी होतं ते वापरलं: राखी. पुढच्या शनिवारी, ९ तारखेला नारळी पौर्णिमा होती. सोलापुरात त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, पूर्व भाग रस्त्यावर असतो. मी म्हटलं, सण तोंडावर आलाय, भावाबहिणीने कोर्टाची पायरी उतरून राखी बांधावी असं नाही का वाटत? वर माझ्या आईने मामांना हक्कसोडपत्र कसं हसत लिहून दिलं तेही सांगितलं. कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, महाराष्ट्रात तर १९९४ पासून, हे कोर्टात युक्तिवाद करताना मी तावातावाने सांगते. आणि इथे मध्यस्थ होऊन बसल्यावर तोंडातून काय निघालं? साडीचोळी घ्या आणि माहेर राखा.

त्या म्हणाल्या, ‘राखी बांधणारच आहे की. कुठल्या वर्षी नाही बांधली? तम्मुडू तोच, अल्लुडू तोच. धाकटा भाऊ पण आहे, जावई पण आहे. त्याच्याशी काय भांडण माझं? मी हिशोब मागायलेय.’

‘कसला हिशोब’ हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं आणि तारीख दिली.

मधल्या बारा दिवसांत मी अभ्यास केला. ती पीडीएफ काढली. एका तेलुगू भाषक वकील मैत्रिणीला फोन करून लग्नाच्या रीती, मानपान, सासू-जावयाचे संकेत सगळं विचारलं. ती मध्येच म्हणाली, ‘अगं, आमच्या घरात मामा-भाचीचं लग्न कधीच नाही झालं. मी काय सगळ्यांची प्रतिनिधी आहे का?’ ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चार पानं टिपणं झाली.

तिसरी बैठक १४ ऑगस्टला. या वेळी मी सुरुवातीलाच सांगितलं की तेलुगूत बोला, चालेल. दोघांच्या संमतीने तेलुगू येणाऱ्या एका ज्युनिअर वकिलाला दुभाषा म्हणून बसवलं, तिच्याकडूनही गुप्ततेची सही घेतली. हे मी योग्य केलं. आणि लगेच बहिणीला म्हटलं, ‘तुमच्यात जावयाकडे थेट मागणं बरं दिसत नाही, म्हणून तुम्ही कोर्टात आलात का?’

‘आमच्यात म्हणजे कुणाच्यात?’ त्या म्हणाल्या. ‘मी सोलापूरची आहे. तुमच्यात जावयाकडे पैसे राहिले तर काय करता?’

भाऊ हसले. बहीणही हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्या घराच्या मापाने मोजलं होतं. आता चार पानं वाचून त्यांच्या मापाने मोजायला निघाले होते, आणि ते मापही माझंच. टिपणं मिटवून ठेवली. त्या हसण्यानंतर खोली जरा सैल झाली हे मात्र खरं.

वेगळ्या बैठकीत बहीण बोलत होत्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. रिक्षाच्या स्टँडवरची पार्किंगची पावती त्यांच्या बोटांत होती. बोलता बोलता तिची गुंडाळी होत होती: एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला जाड, अंगठ्याच्या नखाने तोंड आत दुमडलेलं. नजर माझ्याकडेच. गुंडाळी झाली की उलगडायची, सपाट करायची, परत वळायची.

मी विचारलं, ‘किती वर्षं?’

‘बारा वर्षांची होते.’

मग प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलेला आणि मी आजवर गिळून टाकलेला प्रश्न विचारला: वाद कशाचा आहे असं तुम्हाला वाटतं?

पुढची चाळीस मिनिटं मी जवळपास काही बोलले नाही. शाळा सुटल्यावर पानं कातरायची, रात्री आईसोबत हजाराचा आकडा पुरा करायचा, सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या. तपासणीत नापास झालेल्या विड्यांचे पैसे कापले जायचे. ज्या दिवशी जास्त कापले जायचे त्या दिवशी आई जेवायची नाही. लग्न होईपर्यंत सात वर्षं मजुरी वडिलांच्या हातात. १९८१ साली वडिलांनी जुना माग विकत घेतला तो त्या पैशांतून. त्याच मागावर पुढे शेड उभी राहिली. भावाने दाव्याला जे उत्तर दिलं त्यात वाक्य होतं की ‘वादीचा सदर मिळकतीशी कधीही काहीही संबंध नव्हता.’ वकिली छापाचं वाक्य, मी स्वतः शंभर वेळा लिहिलंय. त्यांनी ते वाक्य मुलाकडून वाचून घेतलं होतं. ‘पैसे नंतर बघू,’ म्हणाल्या, ‘हे खोडायला सांगा आधी.’

तेलुगू नव्हतं त्यात काही, मराठीही नव्हतं. मजुरी होती.

त्यांच्या परवानगीने मी हे भावाला सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मी या गप्पपणाचा अर्थ लावायचा नाही असं ठरवून बसले होते, आणि ते अवघड जातं. शेवटी म्हणाले, ‘मी आठ वर्षांचा होतो. मला वाटायचं माग वडलांनी घेतला.’ मग दाराबाहेर जाऊन पाणी प्यायले. आत येऊन आपल्या वकिलांना म्हणाले, ते वाक्य कुणी लिहिलं? वकिलांनी फाईल चाळायला घेतली.

मध्ये गणपती आले. चौथी बैठक १२ सप्टेंबरला. आकड्यावर दोन तास ओढाताण झाली, ती नेहमीसारखीच होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हप्ते तीन ठरले. बहिणीच्या मुलीची खुर्ची या वेळी मी मांडलीच नाही. भिंतीशी चार खुर्च्या ठेवल्या आणि म्हटलं, हवी तिथे ओढून घ्या. तिने ती टेबलाशी ओढून घेतली, दोघांपासून सारख्या अंतरावर, माझ्या समोर.

नव्याने मध्यस्थ होणाऱ्यांना एकच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: नाव-पत्ता लिहून झाला की ‘तुम्ही एकमेकांना काय हाक मारता?’ असं विचारा आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझे पंधरा दिवस वाचले असते. आणि पक्षकार असाल तर: भाषा अडत असेल, मध्यस्थ आपल्याला कुठल्यातरी खोक्यात बसवतोय असं वाटत असेल, तर तसं बोला. दुभाषा मागता येतो, मध्यस्थ बदलूनही मागता येतो. मला कुणी बदललं नाही हा त्यांचा मोठेपणा.

करार मी सांगितला, स्टेनोने टाईप केला. कलम एकमध्येच ते वाक्य घातलं होतं. मी वाचून दाखवलं: ‘सदर मिळकतीच्या उभारणीस वादी हिने विवाहापूर्वी आर्थिक मदत केली होती, हे प्रतिवादी मान्य करतात.’ दुभाष्या मुलीने तेलुगूत सांगितलं. बहिणीने हात वर केला.

‘मदत नाही,’ म्हणाल्या. ‘मजुरी. मदत काय शेजारी पण करतंय.’

मी भावाकडे बघितलं. ‘तेच लिहा,’ ते म्हणाले. ‘आणि अक्काचं माहेरचं नाव टाका तिथं. तेव्हा तेच होतं.’

स्टेनोने शब्द बदलला. पान एकवरून दोनवर गेलं, म्हणून चारही प्रती परत छापाव्या लागल्या. सहा वाजून गेले होते. २६ सप्टेंबरला कोर्टात तडजोड नोंदली गेली, तेव्हा मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासणीत होते.